क्वेकर आजोबांची वाटणी

उइटहॉर्न या डच गावातलं ते घर मी भाड्याने घेऊ नये असं बहुधा माझ्या घरमालकांचंच मत होतं. घर बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला पाऊण तास घराचे दोष ऐकवले. जिना उभा आहे आणि तिसरी पायरी हलते. वरच्या खोलीतला हीटर नोव्हेंबरपासून कण्हायला लागतो. वारा फिरला की दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं.

"मी सकाळी खूप खोकतो," ते म्हणाले. "आणि महिन्यातून दोन रविवारी खालच्या खोलीत दहा-अकरा माणसं येऊन तासभर गप्प बसतात. तुला त्याचा त्रास होईल का?"

गप्प बसण्याचा कसला त्रास, असं मी म्हटलं.

"होतो," ते म्हणाले. "माझ्या बायकोला व्हायचा."

मी घर घेतलं. तेव्हा मी स्लोटरडाइकला एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी दुखरी मान घेऊन घरी यायचं. अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या आपल्या मराठी लोकांच्या गणपती-दिवाळीचा, घरोघरचे डबे आणून केलेल्या पॉटलकचा, मुलांच्या शाळांच्या चर्चांचा मला कंटाळा आला होता. एकटीने राहणाऱ्या बाईला तिथे दर वेळी तेच तीन प्रश्न विचारतात. या म्हाताऱ्याने एकही विचारला नाही. त्यांच्या घरात मी चार वर्षं राहिले.

ते क्वेकर होते. हा ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ. पाद्री नाही, प्रवचन नाही, मेणबत्ती नाही. जमायचं आणि गप्प बसायचं. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर त्याने उभं राहून चार वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. कुणालाच वाटलं नाही तर तासाभराने हातात हात देऊन कॉफी प्यायची. युद्धानंतरच्या उपासमारीत कुणा क्वेकर बायांनी त्यांच्या आईला दूध आणि ब्लँकेटं आणून दिली होती, त्यानंतर त्यांची आई त्या पंथात गेली आणि मागोमाग हे.

या लोकांत पदव्या, मानाची संबोधनं चालत नाहीत. मी त्यांना नावाने हाक मारावी असा त्यांचा आग्रह होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. शेवटी मी "आजोबा" म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. ते तो शब्द दोनदा पुटपुटले आणि म्हणाले, "चालेल. हा मान नाही, हे काम आहे."

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, अडलं की डचमध्ये. त्यातही त्यांचे नियम असत. "खरंच" हा शब्द त्यांना चालत नसे. मी एकदा म्हटलं, "खरंच सांगते, आजोबा, आज फार दमलेय."

"मग एरवी काय सांगतेस?" त्यांनी विचारलं.

चेष्टा नव्हती ती. शपथ घेतली की बिनशपथेचं बोलणं खोटं ठरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून ते कधी शपथ घेत नसत, कधी वचन देत नसत. "करतो" म्हणाले की करत. अमुक दिवशी डॉक्टरकडे जातो म्हणाले की ताप उतरलेला असला तरी जात, आणि डॉक्टरला सांगत, "मी बरा आहे, पण येतो म्हणालो होतो."

वारांची नावं जुन्या मूर्तिपूजक देवांची म्हणून ते वार मोजून सांगत. रविवार पहिला दिवस, सोमवार दुसरा. एकदा नळ गळत होता, तर त्यांनी प्लंबरला चौथ्या दिवशी बोलावलं. त्यांचा चौथा दिवस बुधवार. प्लंबरने सोमवारपासून मोजलं आणि तो गुरुवारी उगवला. त्या एका दिवसात माझ्या बाथरूमचं तळं झालं होतं. मी चिडले. त्यांनी ऐकून घेतलं, स्वतः गुडघे टेकून फरशी पुसली आणि पुन्हा पुढच्या खेपेला प्लंबरला चौथ्याच दिवशी बोलावलं.

जन्मभर त्यांनी लायलॅकची शेती केली. जांभळ्या-पांढऱ्या तुऱ्यांची ही सुवासिक झुडपं आल्समेरच्या तळ्यात अरुंद पट्ट्यांसारखी जी बेटं आहेत त्यांवर वाढवतात. हिवाळ्याच्या तोंडाला मुळांसकट उपटून सपाट होडीतून काचघरात आणायची, ऊब देऊन ऐन थंडीत फुलवायची, फुलं कापायची, आणि झुडूप पुन्हा होडीत घालून बेटावर नेऊन लावायचं. दर वर्षी. लिलावात माल पाठवताना फुलांत उणं दिसलं की हे स्वतःच पेटीवर "दुसरी प्रत" असं लिहीत. माल तपासणारा म्हणायचा, अहो, ही पहिल्या प्रतीची आहेत. हे म्हणायचे, तू ती काल पाहिली नव्हतीस.

मी राहायला गेले तेव्हा घरामागचं काचघर बंद पडून बरीच वर्षं झाली होती. काचा फुटल्या होत्या, आत बाभळीएवढं रान माजलं होतं. पण आजूबाजूला नवी घरं उठत होती, ट्रामही थेट उइटहॉर्नपर्यंत आली होती, आणि त्या जमिनीसाठी बिल्डरांची पत्रं दर आठवड्याला दारातून आत पडत. ती पत्रं उघडून, वाचून, ते प्रत्येकाला हाताने उत्तर लिहीत: "मला अजून कळलेलं नाही."

त्यांना तीन मुलं. थोरला पीटर रॉटरडॅमला विमा कंपनीत होता. दर महिन्याला यायचा, हातात प्लॅस्टिकची फाइल, त्यात जमिनीचे, घरपट्टीचे, औषधांचे कागद. मधली हानेके दहा मिनिटांवर राहायची. तिच्या आईला स्मृतिभ्रंश झाला तेव्हा हिने नोकरी सोडली आणि चार वर्षं आईला न्हाऊ-माखू घातलं. आई गेली, तरी ही बुधवारी आणि शनिवारी सूप घेऊन येतच राहिली. जिन्यात भेटली की मला विचारायची, "हीटर ठीक आहे ना?" एवढंच.

धाकट्या योस्टला मी पाहिलं नव्हतं. दिवाणखान्यात भिंतीवर तिन्ही मुलांचे फोटो होते, पण त्याचे फोटो विशीशी थांबत होते. कारण मला हानेकेने सांगितलं. तो सैन्यात गेला होता.

क्वेकर माणूस शस्त्र धरत नाही. आजोबांनी स्वतः तरुणपणी सक्तीची लष्करी नोकरी नाकारून वेड्यांच्या इस्पितळात दोन वर्षं फरशा पुसल्या होत्या. अशा माणसाचा मुलगा बाविसाव्या वर्षी गणवेश घालून दारात उभा राहिला. "बाबा रागावले नाहीत," हानेके म्हणाली. "रागावले असते तर बरं झालं असतं. काहीच बोलले नाहीत. त्याला आता अकरा वर्षं झाली."

माझ्या तिथल्या चौथ्या वसंतात हाउसआर्टने, म्हणजे घरच्या डॉक्टरने, आजोबांच्या हृदयाबद्दल काही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते जिना चढून माझ्या खोलीशी आले. खोकले, थांबले.

"तू ऑफिसात अहवाल लिहितेस. जे झालं ते लिहितेस की जे व्हायला हवं होतं ते?"

"जे झालं ते."

"मग मला तू हवी आहेस," ते म्हणाले. मुलांना बोलावून जिवंतपणीच वाटणी करायची होती, तीही क्वेकर रिवाजाने. मतदान नाही, बहुमत नाही. सगळ्यांनी शांत बसायचं, एकाने बोलायचं, पुन्हा शांतता. सगळ्यांना पटलं तरच निर्णय. आणि जे ठरलं ते त्याच बैठकीत कुणीतरी लिहून मोठ्याने वाचायचं.

मी नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हणायलाही जरा ताकद लागते.

पहिल्या बैठकीला पीटर आणि हानेके आले. चार खुर्च्या गोल मांडल्या होत्या, माझी जरा मागे. योस्ट आला नाही. आम्ही तासभर गप्प बसलो. विमानं गेली. पीटरने दोनदा घड्याळ पाहिलं. तास झाल्यावर आजोबा म्हणाले, "सगळे नाहीत, तेव्हा बैठक झालेली नाही," आणि कॉफी करायला उठले. मी लिहिलं: तिघे हजर. काही ठरलं नाही.

पुढच्या महिन्यात तेच. पीटर दारात माझ्यावरच घसरला. "मी दीड तास गाडी चालवून येतो. एका रिकाम्या खुर्चीकडे बघायला!"

तिसऱ्या वेळी हानेके आदल्या दिवशी उत्तरेला ग्रोनिंगनला गेली आणि योस्टला गाडीत घालून घेऊन आली. कसं पटवलं, तिने कधी सांगितलं नाही. आत आला तो तेहतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, थोडा लंगडणारा माणूस. बूट काढू का, असं त्याने वडिलांना नाही, मला विचारलं.

शांतता झाली. मग पीटर उभा राहिला. त्याने सगळं नीट मांडलं: जमीन विकावी, घर हानेकेला द्यावं कारण तिने आईचं सगळं केलं, उरलेल्याचे भाग करावेत. प्रत्येकाच्या हातात त्याने एकेक छापील कागद दिला. मलाही.

पुन्हा शांतता. योस्टने कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

"मला काही नको," तो म्हणाला. "मी फक्त ऐकायला आलोय. तुम्ही मला काय म्हणणार होतात ते. त्या दिवशी दारात."

आजोबा खाली बघत बसले. त्यांचं गप्प बसणं मला सवयीचं झालं होतं, पण हे तसलं नव्हतं. हातातला पीटरचा कागद त्यांनी घडी घालून खुर्चीखाली ठेवला. मग ते उभे राहिले, खुर्चीच्या पाठीला धरून.

"मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, की मी वाट बघतोय. आतून शब्द येतील, मग बोलेन," ते म्हणाले. "मी वाट बघत नव्हतो. मी तुला शिक्षा करत होतो. ओरडलो असतो तर लोकांना दिसलं असतं. गप्प राहिलो म्हणून सगळ्यांना मी चांगला वाटलो." मग ते म्हणाले, "तू जे केलंस ते मला आजही चूक वाटतं. ते मला दारातच म्हणायला हवं होतं, आणि मग तुला आत घ्यायला हवं होतं."

योस्टने मान डोलावली. रडला वगैरे नाही. "बरं," म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

मला वाटलं, आता सगळं होईल. पण पीटर ताडकन उठला. क्वेकर रिवाजाप्रमाणे मध्ये थांबायचं असतं, तो थांबला नाही.

"आणि मी? मी घर सोडून गेलो नाही, म्हणून माझ्यासाठी कुणी खुर्ची रिकामी ठेवली नाही. आईची कागदपत्रं मी केली. तुमचा विमा, तुमचा कर, छपराची दुरुस्ती. कुणी एकदा तरी म्हटलंत, पीटरने नीट केलं?"

आजोबा माझ्याकडे वळले. "हे लिही. 'पीटरने सगळं काम नीट केलं. आमच्या ते लक्षात आलं नाही.'"

मी लिहिलं. वाचून दाखवलं. "सगळ्यांना मान्य?" त्यांनी विचारलं. हानेके "हो" म्हणाली. योस्ट "हो" म्हणाला. पन्नाशीचा पीटर चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. फार वेळ पुसला.

त्या एका "हो"पलीकडे हानेके तिन्ही बैठकांत एक शब्द बोलली नव्हती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. "घर तुझं, असं पीटर म्हणतो. तू काय म्हणतेस?"

"मला घर नको," ती म्हणाली.

पीटर म्हणाला, "अगं, पण आम्ही सगळे समजत होतो..."

"हो ना. सगळे समजत होतात." तिचा आवाज अगदी सपाट होता. "त्या न्हाणीघरात मी चार वर्षं आईला धुतलं. ती मला ओळखत नव्हती, चावायची. आता मी बुधवारी आत येते, तेव्हा जिन्याखालून मला अजून तो वास येतो. मला हे घर बघायचंसुद्धा नाही. विका. माझा भाग मला द्या. आणि एक वर्ष मला कुणी फोन करू नका. तुम्हीही नाही, बाबा. मी वाईट नाही. मी दमलेय."

आजोबा तिच्याकडे वळले. "एक वर्ष," ते म्हणाले.

"एक वर्ष."

मग त्यांनी मला लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं, ते असं: घर आणि जमीन विकावी. आलेल्याचे तीन समान भाग. तळ्यातली दोन बेटं योस्टला, कारण पीटरने ती कुणीच विकत घेणार नाही असं सांगितल्यावर तो म्हणाला, "मला द्या." का, ते त्याला सांगता आलं नाही. हानेकेला तिचा भाग, आणि एक वर्ष. "वर्षही लिही," आजोबा म्हणाले. "तेही मी तिला द्यायचं राहिलेलंच आहे." सगळ्यांनी मान्य केलं. सही केली नाही कुणी. त्यांच्यात मान्य म्हणजे मान्य. नोटरीसाठी पीटरने पुढे रीतसर कागद केलेच.

घर विकायचं म्हणजे मलाही निघायला हवं होतं. मी खोकी भरत होते, आजोबा दारात स्टुलावर बसून वर्तमानपत्राचे कागद चुरगाळून देत होते. कपबश्या गुंडाळताना मी त्यांना सांगितलं, की नाशिकच्या आमच्या प्लॉटवर मीही एकदा सही केली होती. हक्कसोडपत्र म्हणतात त्याला. भावाने कागद पाठवला होता, खुणेच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून.

"तुला काय हवं होतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी विचारलं नाही."

"ते कळलं. तुला काय हवं होतं?"

मी बशी हातात धरून उभी राहिले. प्लॉट नको होता. भावाने फोन करून "तायडे, सही करशील का गं?" एवढं म्हणायला हवं होतं. बस. त्या रविवारी मी भावाला फोन करून हे सांगितलं. तो आधी वैतागला, "आता काय त्याचं?" म्हणाला. मग आठ दिवसांनी त्याचा फोन आला आणि अर्धा तास आम्ही आईच्या गुडघ्यांबद्दल बोललो. तेवढंच झालं. पण झालं.

मी अ‍ॅमस्टेलव्हीनला आले. आजोबा उइटहॉर्नमध्येच म्हाताऱ्यांच्या निवासात एका खोलीत गेले. मी दोन आठवड्यांनी एकदा जायची. योस्ट यायचा, दोघं लायलॅकच्या रोपांवरून वाद घालायचे. योस्ट सगळं चुकीचं लावत होता आणि आजोबा त्याला तसं तोंडावर सांगत होते. पीटरही यायचा, फाइल न घेता, आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळायचं नाही. हानेकेचं नाव निघालं की आजोबा म्हणत, "बरी असेल." ती कुठे आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. जाताना तिने मला नंबर दिला होता, पोर्तुगालचा. "फक्त तुझ्याजवळ असू दे," म्हणाली होती.

पुढच्या वसंतात त्यांच्या पायांवर सूज चढली. श्वास पुरेना. डॉक्टरने मुलांना बोलवा असं सांगितलं. पीटर आणि योस्ट आले. हानेकेला कळवायचं का, यावर आजोबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "एकवीस दिवस उरलेत," ते म्हणाले. श्वास घेत घेत बोलत होते. "दिलेलं परत घ्यायचं नसतं."

दोघं मुलं खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये येऊन उभी राहिली. योस्ट म्हणाला, "ते थांबतील असं त्यांना वाटतंय. एकवीस दिवस." पीटरने माझ्याकडे पाहिलं. मी माझी बॅग उचलली.

त्यांच्या शब्दाचा मला मान होता. घरी जाऊन मी भाताचा कुकर लावला, बंद केला, पुन्हा लावला. मग हानेकेला फोन केला.

"बाबांनी सांगितलं फोन करायला?" तिने विचारलं.

"नाही. करू नको म्हणाले."

पलीकडे कुणीतरी भांडी हलवत होतं. "किती दिवस राहिलेत?"

"एकवीस."

"मोजतायत होय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. उन्हाने रापली होती, केस कापले होते. मी त्यांच्या उशाशी होते. आजोबांनी डोळे उघडले, तिला पाहिलं, आणि माझ्याकडे वळले. काय केलंस ते कळलं, असं त्यांच्या नजरेत स्पष्ट होतं. मी खाली पाहिलं.

"अजून वर्ष झालं नाही," ते तिला म्हणाले.

"ते माझ्या नावावर लिहिलंय ना?" हानेके म्हणाली. "मग माझं आहे. उरलेले दिवस मी तुम्हाला देते."

ते हसले की खोकले, कळलं नाही. त्यांच्या हनुवटीवरून लाळ ओघळली होती, शर्टाची कॉलर भिजली होती. हानेकेने कोट काढला, बाह्या वर सारल्या आणि बेसिनपाशी जाऊन टॉवेल ओला करायला घेतला. किती सहज केलं तिने ते.

"नको," आजोबा म्हणाले.

ती थांबली. त्यांनी पलंगाच्या कडेची घंटी चाचपडत शोधली. सापडली नाही, मी पुढे केली. त्यांनी स्वतःच्या बोटाने ती दाबली.

"ते काम नर्स करेल," ते म्हणाले. "तू नुसती बस."

टॉवेल हातातच होता. तो तिने बेसिनच्या कडेवर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसली.